स्टीलची टपालपेटी आणि तिच्याखालची टोपली: वर्षभराचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात ह्यांच्या विम्याच्या हप्त्याची नोटीस मला स्वयंपाकघरात सापडली. बदलापूरच्या कुठल्याशा टॉवरची चकचकीत जाहिरात डब्यांखाली अंथरायला घेतली होती, तिच्या घडीत पाकीट ओलं होऊन चिकटलेलं. वार्षिक हप्त्याला मिळणारी ३० दिवसांची मुदत तोवर उलटली होती. पॉलिसी पुन्हा चालू करायला व्याज भरलं, तब्येतीचं घोषणापत्र दिलं. त्याच आठवड्यात नवी टपालपेटी घ्यायचं ठरवलं.

आमची विलेपार्ल्याची, १६ घरांची सोसायटी. जिन्याखालच्या जुन्या पत्र्याच्या पेट्या गंजलेल्या, झाकणं लोंबणारी. पेस्ट कंट्रोल, क्लासेस, ब्रॉडबँड, पॅकर्स अँड मूव्हर्स, सगळ्यांची पत्रकं त्यात कोंबलेली असायची.

नागदेवी स्ट्रीटवरून ९५० रुपयांना ३०४ दर्जाच्या स्टीलची पेटी आणली. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत साधा पत्रा टिकत नाही, म्हणून चार पैसे जास्त गेले तरी हेच स्टील घ्या. वर्ष झालं, गंजाचा एक ठिपका नाही. फट २५ सेंटीमीटर रुंद आहे, त्यामुळे ए-फोर कागदाचं पाकीट न दुमडता आत जातं. फटीवर झडप आहे, पावसाची झड आत येत नाही. समोरच्या काचेतून पत्र आलंय का ते दिसतं, गुडघेदुखीमुळे दर वेळी वाकून कुलूप उघडायला नको. कुलूप मात्र हलकं आहे. किल्ली दोन महिन्यांत वाकली, शेवटी कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडून नवं कुलूप बसवून घेतलं.

पण पेटीने पत्रकं थांबली नाहीत, हे स्पष्ट सांगते. ‘जाहिराती टाकू नयेत’ अशी पाटी लावली, तरी रोज चार-पाच असायचीच. एका दुपारी पत्रकं वाटणाऱ्या मुलालाच विचारलं. म्हणाला, “काकू, गठ्ठा संपवल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. टाकू कुठे मग?” त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी पेट्यांखाली प्लॅस्टिकची मोठी टोपली टांगली आणि पाटी बदलली: ‘जाहिराती इथे ठेवा, ज्याला हवी तो घेईल’. तेव्हापासून माझ्या पेटीत महिन्याला एखाद-दुसरं पत्रक येतं. शेजारच्या वहिनींना सुतारकामवाल्याचा नंबर त्याच टोपलीत मिळाला. महिनाअखेरीस टोपली रद्दीत रिकामी होते.

नावानिशी येणारा कागद मात्र टोपलीने कमी होत नाही. बँकेच्या शाखेत जाऊन कर्ज-कार्डांच्या जाहिराती नकोत असं लेखी दिलं, पोच घेतली. ऑगस्ट २०२४पासून शेअर-म्युच्युअल फंडांचं एकत्रित स्टेटमेंट शक्यतो ईमेलनेच पाठवायची पद्धत आहे, पण डीमॅट खात्यात ह्यांचा ईमेल जुन्या ऑफिसचा होता. तो बदलल्यावर जाड पाकिटं बंद झाली. विम्याची नोटीस मी मुद्दाम कागदावरच ठेवली आहे, कारण आमचे हे कधी ईमेल उघडून बघत नाहीत.

पेटीला पाचपैकी चार गुण. एक गुण कुलपाचा कापला. घेताना किल्ली दुकानातच दहा वेळा फिरवून पाहा, आणि दोन किल्ल्या मागून घ्या.