बिल्जमधील गोडे पाणी आणि न केलेल्या दुरुस्त्यांची बिले

समुद्रात उभ्या असलेल्या शिडाच्या बोटीच्या बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या सर्वांत खोलगट भागात, साचलेले पाणी गोडे आहे असे कळले की मालकाला हायसे वाटते, कारण निदान बाहेरचा समुद्र आत शिरत नाही एवढी खात्री होते. माझ्या बोटीचे काम घेतलेल्या कारागिराने याच दिलाशाचा फायदा उठवला. बोट बुडण्याची भीती नसली की तपास सावकाश झाला तरी कोणी हरकत घेत नाही, आणि पाण्याची वाट डोळ्यांना दिसत नसल्यामुळे सांगितलेले कोणतेही कारण पटण्यासारखे असते. न केलेल्या कामांचे पैसे त्याने दोन वेळा घेतले आणि तिसऱ्या वेळी त्याहून मोठी रक्कम मागितली. ही पद्धत इतरांना वेळीच ओळखता यावी, म्हणून सर्व क्रमाने लिहीत आहे.

बोट फायबरग्लासची आहे. डोलकाठी डेकमधून आरपार जाऊन तळावर टेकते, पिण्याच्या पाण्याची टाकी बसण्याच्या बाकाखाली आहे, प्रेशर पंप नळांना पाणी पुरवतो आणि इंजिनमागच्या कप्प्यात वॉटर हीटर आहे. पाणी दिसू लागताच मी क्षारमापकावर थेंब टाकून पाहिला होता. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. या पाण्यात ते जवळजवळ नव्हतेच. कारागिराने मात्र हाताचे बोट पाण्यात बुडवून ते चाखले आणि 'पावसाचे आहे' असे ठामपणे सांगितले. जिभेला फार तर खारट आणि गोडे एवढा फरक कळतो; पाऊस, टाकी, हीटर किंवा बर्फपेटीचा निचरा यांतले पाणी चवीने वेगळे ओळखता येत नाही. शिवाय बिल्जमध्ये डिझेल किंवा इंजिनच्या शीतक द्रवातील विषारी ग्लायकॉल मिसळलेले असू शकते, त्यामुळे चाखून निदान करणाऱ्यापासून सावध राहावे.

त्याचे पहिले कारण ऐकायला अगदी योग्य होते. तळापर्यंत जाणाऱ्या डोलकाठीत, शिडाचे दोर जेथून बाहेर येतात त्या फटींतून पावसाचे पाणी शिरतेच आणि आतल्या आत उतरून थेट बिल्जमध्ये पडते. डेकवर डोलकाठीभोवती बसवलेली रबरी गळपट्टी कितीही चांगली असली तरी ते थांबत नाही. अशा पाण्याला 'गळती' म्हणून ती पट्टी बदलण्याचे काम निघाले. काम संपल्यावर त्याने फळ्या उचलून कोरडा, पुसलेला तळ दाखवला. काही आठवडे तो तसाच राहिला आणि मग पाणी पुन्हा आले.

दुसऱ्या वेळी चेनप्लेट, म्हणजे डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना जोडतात त्या, आणि कठड्याचे खांब यांच्यावर खापर फुटले. सर्व पट्ट्या आणि खांब काढून, खाचा साफ करून, नव्याने सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा चिकट पदार्थ, भरून बसवल्याचे बिल मिळाले. पुन्हा कोरडा तळ, पुन्हा काही आठवडे समाधान, पुन्हा पाणी. तेव्हा त्याने टाकीच फुटल्याचे सांगितले. बाक कापून टाकी बदलावी लागेल आणि निम्मे पैसे आगाऊ द्यावेत, असा त्याचा आग्रह सुरू झाला.

येथे मी काम थांबवले, कारण त्या सगळ्या काळात पाऊस पडलेला नव्हता. आणखी एक गोष्ट लक्षात आली: बोटीवर मुक्काम असला, नळ वापरात असले, की पाणी वाढे, बोट बंद असली की ते तेवढेच राही.

मग तपास मी स्वतः केला. तो कोणालाही जमण्यासारखा आहे, म्हणून थोडा तपशिलात सांगतो. प्रथम बिल्ज स्पंजाने पूर्ण कोरडे केले. नुसते पंपाने उपसून चालत नाही, कारण पंप थांबला की त्याच्या नळीतील पाणी मागे येते आणि नवी गळती असल्याचा भास होतो. तळातील आडव्या कप्प्यांना जोडणारी निचऱ्याची भोके पुट्टीने तात्पुरती बुजवली, म्हणजे कोणत्या कप्प्यात पाणी आधी येते ते कळते. हे फार महत्त्वाचे आहे, कारण फायबरग्लासच्या बोटीत आतील साच्याच्या आणि तळाच्या मधल्या पोकळीतून पाणी गळतीपासून बरेच दूर जाऊन वर येते, आणि जेथे पाणी दिसते तेथेच दोष आहे असे समजणाऱ्याला कोणीही फसवू शकतो. प्रत्येक कप्प्यात कोरडा कागद पसरला. टाकीत खाण्याचा रंग मिसळला. इंजिनच्या शीतक द्रवाची पातळी खूण करून ठेवली.

पंप चालू ठेवून नळ सगळे बंद केले. थोड्या थोड्या वेळाने पंप आपोआप क्षणभर सुरू होऊन थांबू लागला. नळ बंद असताना पंप असा सुरू होत असेल, तर दाबाखालच्या भागात कोठेतरी पाणी निसटत असते, नाहीतर पंपाची झडप पाणी मागे सोडत असते. काही वेळाने इंजिनमागच्या कप्प्यातील कागद रंगीत भिजला, म्हणजे झडपेची शंका मिटली. त्यानंतर टाकी भरलेलीच ठेवून फक्त पंपाचा स्विच बंद केला, कागद बदलले, आणि रात्रभरात एकही ओला झाला नाही. एवढ्या एका चाचणीने टाकी निर्दोष ठरली, कारण फुटलेली टाकी पंपाची वाट पाहत नाही. शीतक द्रवाची पातळीही हललेली नव्हती.

हीटरच्या बाबतीत एक खुलासा आवश्यक आहे. पाणी तापले की प्रसरण पावते. 20 लिटरचा हीटर थंड पाण्यापासून 80 अंशांपर्यंत तापला तर सुमारे अर्धा लिटर पाणी जास्तीचे होते, आणि वेगळी प्रसरण टाकी नसेल तर त्यातले बरेचसे सुरक्षा झडपेतून बाहेर पडते. तो दोष नव्हे. म्हणून त्या झडपेच्या नळीला बाटली बांधून ते पाणी वेगळे धरले आणि मगच कप्प्याची फळी काढून आत पाहिले.

हीटरच्या मागे, गरम पाण्याच्या होजच्या (लवचिक नळीच्या), क्लिपने आवळलेल्या जोडातून थेंब पडत होते. त्या जोडाखाली प्लास्टिकचा डबा कापून बसवलेला होता, तो हलू नये म्हणून निळ्या चिकटपट्टीने बांधलेला होता, आणि काठोकाठ भरून वाहत होता. तशीच निळी पट्टी कारागिराने डेकवर वापरलेली होती. काम सुरू होण्यापूर्वी मी त्या कप्प्याची छायाचित्रे काढली होती. त्यांत डबा नाही. मधल्या काळात बोटीवर दुसरे कोणी काम केलेले नव्हते. प्रत्येक 'दुरुस्ती'नंतर काही आठवडे तळ कोरडा का राहत होता, याचा उलगडा येथे झाला: डबा भरेपर्यंत बिल्जमध्ये थेंबही जात नव्हता. गळती कोठे आहे हे त्याला ठाऊक होते, आणि पान्याने क्लिप आवळण्याऐवजी त्याने तिच्याखाली डबा ठेवला. जोडाची होज कापून नवी क्लिप बसवायला फारसा वेळही लागला नाही.

यानंतर बिलातील बाकीची कामे तपासली. डोलकाठीची गळपट्टी जुनीच होती, वरून नवी टेप गुंडाळलेली. चेनप्लेटच्या झाकणपट्टीभोवती सिलिकॉनची रेघ ओढलेली होती. आत जुने, वाळून तडकलेले सीलंट जसेच्या तसे होते, आणि खालच्या नटांवरचा जुना रंग कोठेही खरवडलेला नव्हता. नट न फिरवता चेनप्लेट निघत नाही, त्यामुळे हा पुरावा कोणालाही टॉर्चच्या उजेडात पाहता येतो.

हा भाग मला पैशांपेक्षा जास्त लागला. वरून ओढलेली सिलिकॉनची रेघ निरुपद्रवी नसते. ती पाणी बाहेर जाऊ देत नाही, आणि एकदा सिलिकॉन लागलेल्या पृष्ठभागावर दुसरे सीलंट नीट धरत नाही. स्टेनलेस स्टीलला आपला संरक्षक थर टिकवायला प्राणवायू लागतो. ओल्या, कोंडलेल्या फटीत तो मिळत नाही आणि पट्टी बाहेरून चकचकीत दिसत असताना आतून खाल्ली जाते. डेकच्या आत बाल्सा लाकडाचा थर असेल तर गोडे पाणी त्याला समुद्राच्या पाण्यापेक्षाही लवकर कुजवते. चेनप्लेट तुटली तर डोलकाठी कोसळू शकते आणि तेव्हा डेकवर माणसे असतात. ज्याने काम न करता 'केले' असे लिहून दिले, त्याला हे माहीत असणारच, कारण हाच त्याचा व्यवसाय आहे.

आता काम देताना मी लेखी तीन गोष्टी मागतो: गळतीचे ठिकाण कोणत्या चाचणीने ठरवले, बदललेले जुने भाग परत, आणि काम झाल्यावर टाकी भरून, पंप चालू ठेवून, सर्व कप्पे उघडे असताना माझ्यासमोर पाहणी. पावसाची शंका असेल तर डेकवर पाणी मारण्याची चाचणी खालून वर, एका वेळी एकच जागा भिजवून करायला सांगतो, कारण वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच जोडांवरून वाहते आणि काहीच सिद्ध होत नाही. यांतल्या एखाद्या मागणीवर कारागीर चिडला तर त्याच्याकडे काम देत नाही.

चेनप्लेट नंतर दुसऱ्या कारागिराकडून खरोखर काढून घेतल्या. त्यांपैकी एकीवर डेकच्या जाडीत दडलेल्या भागात खोल गंज आणि आडवी चीर सापडली, ती बदलली आहे. दोन्ही बिले, डब्याची आणि नटांची छायाचित्रे जोडून बोट-दुरुस्तीच्या यार्डच्या व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार दिली आहे. पैसे परत करण्याबाबत त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.