ल्युमिनन्स एचडीआर: काही महिने वापरल्यावर टोन मॅपिंगबद्दल

कार्ल्याच्या चैत्यगृहात फोटो काढणाऱ्याला ही अडचण ठाऊक असते. सूर्यगवाक्षातला उजेड सांभाळला की खांब काळे पडतात आणि खांबांवरची हत्तीवर बसलेली जोडपी दिसू लागली की गवाक्ष पांढरंफटक होतं. म्हणून मी कमी-जास्त एक्स्पोजरचे फोटो घेऊन ते ‘ल्युमिनन्स एचडीआर’मध्ये एकत्र करतो. तिथे ट्रायपॉडला परवानगी लागते, त्यामुळे फोटो हातात कॅमेरा धरूनच काढलेले असतात. ते एकमेकांवर नीट बसवण्याचं काम हे मोफत सॉफ्टवेअर छान करतं.

खरी परीक्षा त्यानंतर, टोन मॅपिंगची: एकत्र केलेल्या फाइलमधला उजेड-अंधाराचा मोठा फरक पडद्यावर किंवा कागदावर मावेल इतका आवळायचा. एकाच फाइलवर रेनहार्ड 2002, ड्रॅगो 2003, फत्ताल 2002, मँटियुक 2006 अशा टोन मॅपिंगच्या पद्धती (नावं संशोधकांची, आकडे सालाचे) चालवल्या की तितकीच वेगवेगळी चित्रं मिळतात. मग चांगलं कोणतं?

पहिल्या नजरेला फत्तालच जिंकतो. शेजारशेजारच्या पिक्सेलमधले मोठे फरक दाबून बारीक फरक वर आणणारी ही पद्धत. दगडावरची छिन्नीची खूण न् खूण दिसते. पण चित्र थोडा वेळ समोर राहू द्या. सावलीतला नॉइज (दाणेदारपणा) उठून येतो आणि उजेड कुठून येतोय हेच कळेनासं होतं. चैत्यात अंधार हवाच, स्तूपावर पडलेला उजेड त्याच्यामुळेच जाणवतो! रेनहार्डची पद्धत अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सच्या झोन सिस्टिमवरून (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत टप्पे पाडून एक्स्पोजर ठरवण्याच्या रीतीवरून) सुचलेली. ती अंधाराला अंधार राहू देते. गवाक्षाजवळचे बारकावे थोडे जातात, ते मला चालतं.

आता मी प्रिंट काढून दोघांना दाखवतो: लेणं पाहिलेल्या एकाला आणि न पाहिलेल्या एकाला. न पाहिलेला बहुतेक वेळा तपशील निवडतो, पाहिलेला उजेड. दोन्ही मतं खरी आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत.

आकड्यांवर भिस्त असणाऱ्यांसाठी येगानेह आणि वांग यांचा 2013 सालचा टीएमक्यूआय निर्देशांक आहे. मूळ दृश्याची रचना किती टिकली आणि चित्र किती नैसर्गिक वाटतं, या दोन्हींचा तो मेळ घालतो. मात्र ‘नैसर्गिक’ची कसोटी सुमारे 3000 साध्या फोटोंच्या उजळपणावरून आणि कॉन्ट्रास्टवरून ठरवलेली आहे, त्यामुळे मुळातच अंधाऱ्या लेण्याचे गुण कापले जाऊ शकतात. शिवाय तो रंग बघत नाही. छताच्या सागवानी फासळ्या नारिंगी झाल्या तरी त्याला पत्ता नाही. एकाच पद्धतीची सेटिंग्ज आपसांत ताडून पाहायला मात्र तो जरूर वापरा.

लेण्यांच्या आतल्या फोटोंसाठी माझी निवड रेनहार्ड 2002. उन्हातल्या वाड्यांसाठी मँटियुक 2006, रंगाची सॅच्युरेशन थोडी उतरवून.