वेल्डिंग सिम्युलेटर : हात बसतो, धग कळत नाही

आयटीआयमधील वेल्डर हा व्यवसाय अभ्यासक्रम एक वर्षाचा असून आठवी उत्तीर्ण मुलांनाही खुला आहे. वाचनापेक्षा हाताने शिकणाऱ्या या प्रशिक्षणार्थींसाठी घेतलेल्या साधनाची परीक्षा कार्यशाळेतच व्हायला हवी. आमच्या भागातील एका संस्थेत बसवलेला सिम्युलेटर, म्हणजे खरी आग न लावता वेल्डिंगचा सराव देणारे यंत्र, मी याच नजरेने पाहिला.

हेल्मेटच्या आतील पडद्यावर आभासी पत्रा दिसतो, हातात वेल्डिंगचा रॉड धरणारा खऱ्यासारखा होल्डर असतो आणि रॉडचे अंतर, कल व वेग यांची नोंद बीड, म्हणजे जोडाची वितळलेल्या धातूची रेघ, घालतानाच होत राहते. नवशिक्याचा हात नेमका यांतच चुकतो. ३.१५ मिमी जाडीच्या रॉडसाठी आर्कची, म्हणजे रॉडचे टोक आणि पत्रा यांमधील विजेच्या ज्योतीची, लांबी साधारण तेवढीच, म्हणजे ३ मिमीच्या आसपास ठेवावी लागते. रॉड वितळून आखूड होत जातो तसतसा हात खाली आणावा लागतो, आणि हे फळ्यावर कितीदा काढून दाखवले तरी मनगटाला उमगत नाही. प्रत्यक्ष कामात काळ्या काचेआडून निदेशकांना प्रत्येक चूक टिपता येत नाही. इथे ती आलेखात उमटते आणि रॉड किंवा पत्रा वाया जात नाही, म्हणून मुले न बिचकता पुन्हा होल्डर उचलतात. त्यांच्या समाधानाचे खरे कारण मला हेच वाटले. चित्रांची चकचकीत सफाई दुय्यम आहे.

उणिवाही ठळक आहेत. धग, धूर आणि अंगावर उडणाऱ्या ठिणग्या इथे नाहीत. चिपिंग हॅमरने स्लॅग, म्हणजे बीडवर जमलेली मळीची खपली, काढल्यावर बीडमध्ये दिसणारी छिद्रेही नाहीत. शिवाय सूचना फक्त इंग्रजीत आहेत, हे आठवी उत्तीर्ण मुलांच्या बाबतीत अक्षम्यच म्हणावे लागेल. अख्ख्या तुकडीला एकच यंत्र असल्याने बाकीचे ताटकळतात, मात्र हेल्मेटमधील दृश्य बाहेरच्या मोठ्या पडद्यावर लावले की उभी असलेली मुलेच एकमेकांच्या चुका सांगू लागतात.

सिद्धांतासाठी एवढा खर्च करण्याचे कारण नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत स्किल्स’ पोर्टलवर अभ्यासक्रम, चित्रफिती आणि प्रश्नसंच विनामूल्य आहेत. सिम्युलेटर घ्यायचाच असेल तर पहिल्या काही आठवड्यांच्या हातवळणासाठी घ्यावा, मराठी सूचनांची अट खरेदीतच घालावी, आणि अभिप्रायाचा अर्ज यंत्राजवळ भरून न घेता मुलाने स्वतः जोडलेला पहिला फिलेट जोड (काटकोनात ठेवलेल्या दोन पत्र्यांच्या कोपऱ्यातला) तोडून तपासल्यानंतरच त्याच्या हाती द्यावा.