फिरते तास की फिरत्या चकत्या?

उर्वेर्कचं यूआर-100 आणि रेसाँसचं टाइप 3 या दोन मनगटी घड्याळांत निर्णय अडला असेल, तर घडण आणि केसचा आकार हे मुद्दे बाजूला ठेवा. दोन्ही घड्याळं तिथे कमी पडत नाहीत. खरा प्रश्न असा, की घाईत नजर टाकली तर कोणतं घड्याळ किती चुकवतं.

यूआर-100 मध्ये एका फिरत्या सांगाड्यावर तीन उपग्रह, म्हणजे स्वतःभोवतीही वळणारे छोटे भाग, असतात आणि प्रत्येकावर तासाचे चार आकडे: एकावर 1, 4, 7, 10, दुसऱ्यावर 2, 5, 8, 11, तिसऱ्यावर 3, 6, 9, 12. चालू तासाचा आकडा मिनिटांच्या कमानीवरून 0 ते 60 सरकतो. तो बाहेर पडतो तेव्हा पुढचा आकडा 0 वर हजर असतो. बाहेर पडलेला उपग्रह माल्टीज क्रॉस या टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या चाकाच्या मदतीने पाव फेरा फिरतो आणि तीन तासांनंतरचा आकडा वर आणतो. कल्पना तशी जुनी. रोममधल्या काम्पानी बंधूंनी 1656 च्या सुमारास पोप अलेक्झांडर सातवे यांच्यासाठी रात्री वाचता येणारं असंच घड्याळ केलं होतं, आरपार कापलेले आकडे आणि मागे दिवा. मिनिटं दाखवणारा उपग्रहाचा बाण कमानीवरून सुटल्यावर यूआर-100 मध्ये पुन्हा दिसतो आणि 20 मिनिटांत विषुववृत्तावरचा माणूस पृथ्वीच्या फिरण्यामुळे किती सरकला (सुमारे 555 किलोमीटर) ते दाखवतो. हा भाग मला फार आवडतो, पण निर्णयात त्याला वजन देऊ नये.

किंमत मोजावी लागते ती अचूकतेत. तीन उपग्रह म्हणजे कमान 120 अंशांची. साध्या तबकडीवर एका मिनिटाला 6 अंश मिळतात, इथे 2. त्यात दातांमधली ढिलाई धरली, तर अर्ध्या-एक मिनिटाचा अंदाजच करावा लागतो. वेळ लावताना चावीची शेवटची हालचाल पुढच्या दिशेने ठेवा. मागे आणून सोडली, तर दातांमधली फट भरून निघेपर्यंत आकडा जागचा हलत नाही आणि घड्याळ मागे पडल्यासारखं वाटतं.

टाइप 3 मध्ये मिनिटांना पूर्ण वर्तुळ मिळतं. मोठी चकती तासाला एक फेरा घेते. तास आणि वाराच्या छोट्या चकत्या तिच्यातच बसवलेल्या असल्याने जागा बदलत राहतात, पण ग्रहमालेसारख्या गिअरमुळे उलट्या होत नाहीत. 2013 च्या या घड्याळात वरचा कप्पा तेलाने भरलेला आहे आणि खालचं यंत्र कोरडं. मधून आस नेला असता तर तेल झिरपलं असतं, म्हणून गती चुंबकांनी वर पोचते, आणि तापमानाने तेल फुगलं-आकसलं तर छोटे भाते ते सामावून घेतात. काच आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश जितका वळतो तितका काच आणि तेल यांच्या सीमेवर वळत नाही, त्यामुळे अक्षरं काचेवरच रंगवल्यासारखी दिसतात. तिरक्या कोनातून वाचायला याच्या जवळपास जाणारं घड्याळ मला माहीत नाही. अर्थात तेलाचा कप्पा साध्या घड्याळजीने उघडायचा नाही, बुडबुडा दिसला तर घड्याळ उत्पादकाकडेच पाठवावं लागतं. चावीही नाही. मागचं झाकण फिरवून वेळ लावायची, म्हणजे घड्याळ मनगटावरून काढणं आलंच.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. मला खटकतं ते तास संपताना. साध्या घड्याळात डोळा दोन काट्यांमधला कोन सवयीने ओळखतो, आकडे वाचतच नाही. इथे दोन काटे वेगवेगळ्या केंद्रांवर फिरतात, त्यामुळे तो कोनच उरत नाही. आधी तासाची चकती शोधायची, मग तिच्यावरचा छोटा काटा पाहायचा. 2:58 ला तो 3 वर टेकल्यासारखा दिसतो आणि घाईत 3:58 वाचलं जातं. सवयीने हे कमी होत असेलही, आणि टाइप 3 वापरणारे बरेच जण तसं सांगतात. माझ्या डोळ्यांना ती सवय पुरेशी लागली नाही.

फिरत्या तासांत अशी चूक होत नाही, कारण 2 हा आकडाच 58 च्या खुणेजवळ उभा असतो. तिथे चुकलं तर एखादं मिनिट चुकतं, टाइप 3 मध्ये अख्खा तास. म्हणून माझा कल उर्वेर्ककडे. सतत तिरक्या कोनातून घड्याळ बघायचं असेल, तर मात्र तेलाला पर्याय नाही.

दोन्ही हातात घेऊन पाहणार असाल, तर विक्रेते दाखवतात तसं 10:10 ला पाहू नका. वेळ तास भरायला दोन मिनिटं कमी असेल अशी लावा, दिवा मंद करा, घड्याळ पालथं ठेवा आणि मग एकदाच झटकन उलटून वाचा.