‘प्री-चिल्ड’ ट्युलिप, ठाण्यात सात महिने: आधी आठवडे विचारा

काल कुंडी उपसली. ऑक्टोबरात चांगल्या कांद्याएवढा आलेला कंद, त्याच्या जागी वाळकी साल आणि लसणाच्या पाकळीएवढी दोन पिल्लं. पाकिटावर मात्र ‘दरवर्षी बहर’ छापलंय. पाकीट मी जपून ठेवलंय, भांडताना उपयोगी पडतं.

लाल ट्युलिपचे दहा कंद, घरपोच ७८० रुपये. ट्युलिपला थंडी लागते हे तुम्हाला माहीत असणारच, पण थोडीथोडकी नाही. २ ते ७ अंशांच्या आसपास सलग १२ ते १६ आठवडे. आमच्या पोखरण रोडवर जानेवारीत पहाटे १७-१८ अंश झालं की माणसं कानटोपी काढतात. त्या थंडीला ट्युलिप हिंग लावून विचारत नाही. म्हणून तर ‘प्री-चिल्ड’ या शब्दाला भुललो. थंडीचं काम त्यांनी उरकून दिलंय, आपण फक्त लावायचं, असा माझा समज.

किती आठवडे उरकलं? पाकिटावर नाही, आतल्या चिठ्ठीत नाही, साइटवरही नाही. पंचवीस रुपयांच्या ब्रेडवर तारीख असते हो! ७८० रुपये मोजून घेतलेल्या थंडीचं माप नको? व्हॉट्सॲपवर विचारलं, ‘किती आठवडे चिल केलेत?’ उत्तर आलं, ‘सर, फुलं नक्की येतील.’ मी म्हटलं, येतील हो, पण किती आठवडे? ‘सर, आमचे कंद प्रीमियम आहेत.’ तिसऱ्यांदा विचारल्यावर पुढच्या ऑर्डरसाठी शंभर रुपयांचं कूपन आलं. त्यात खोकं हातात आलं तेव्हा कोमट होतं. ऑक्टोबर हीटमध्ये सहा दिवस कुरिअरच्या गाडीतून फिरलेला तो माल.

संशय आला म्हणून पाच कंद त्यांच्या चिठ्ठीप्रमाणे लगेच लावले आणि पाच ३ नोव्हेंबरला फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले. एका कागदी पिशवीत तीन, दुसरीत दोन. लावताना कंदाची चपटी बाजू कुंडीच्या कडेला येऊ द्या. पहिलं मोठं पान त्या बाजूने निघतं आणि बाहेर झुकतं, मध्ये गर्दी होत नाही. हे चिठ्ठीत होतं, श्रेय देतो.

लगेच लावलेल्या पाचांना डिसेंबरात कळ्या आल्या. घरात आनंदीआनंद. पण दांडी काही वर येईना. कळी पानांच्या बेचक्यातच अडकली आणि तिथेच उमलली. वरून पाहिलं तर फूल, बाजूने पाहिलं तर कोबी. मुलाच्या कंपासमधली पट्टी लावली, साडेसात सेंटिमीटर. थंडी कमी पडली की ट्युलिपची दांडी अशीच खुरटते. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर कुंडीनेच दिलं होतं. पट्टी लावून काढलेला फोटो त्यांना पाठवला. ‘सुंदर, सर! आम्ही हा आमच्या पेजवर टाकू का?’

त्या दिवशी मी एक स्टार देऊन मोकळा झालो होतो. तो आता बदलतोय. कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष निम्माच.

२६ जानेवारीला सोसायटीतलं झेंडावंदन उरकून आलो आणि फ्रिजमधले कंद काढले. बारा आठवडे पुरे झाले होते. पण कप्प्यात तीनच! उरलेल्या दोघांची पिशवी मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या फळांना जागा हवी म्हणून बायकोने खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवली होती. मला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी देऊ दिली नसती. काकूंच्या फ्रिजमध्ये दूध, ताक आणि इडलीचं पीठ, बाकी शुकशुकाट. पिशवीवर त्यांनी चिकटपट्टी लावून ‘खायचे नाहीत’ असं लिहिलं होतं, तेही बरोबर, हे कंद पोटात गेले तर बाधतात. ‘अरे, तुझे ते कांदे ने बाबा एकदाचे,’ एवढंच म्हणाल्या.

पाचही कंद लावले. आमच्या फ्रिजमधल्या तिघांना पानं झकास आली, कळी मात्र आतल्या आत वाळून कागदासारखी. मी पुन्हा व्हॉट्सॲप उघडून शस्त्रं परजली. तेवढ्यात ओटावाच्या मावसबहिणीचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘फ्रिजमध्ये सफरचंदं होती का रे?’

होती. चार गुरुवारची होती. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने कंदाच्या आत तयार झालेली कळीच मरते. हे मला कुणी सांगितलं नाही, चिठ्ठीनेही नाही. (चिठ्ठीत शंभर रुपयांच्या कूपनची जाहिरात मात्र दोनदा.)

बहिणीला यातलं काहीच करावं लागत नाही. ऑक्टोबरात पंधरा सेंटिमीटर खड्डा, त्यात कंद, वर माती, विषय संपला. मग बर्फ पडतो आणि तोच गोधडीसारखा जमिनीवर पसरून राहतो, खालच्या कंदांना फार कडक थंडी लागू देत नाही. मे महिन्यात फुलं. तिची एकच तक्रार, खारी कंद उकरून खातात. त्या गावाला तर ट्युलिप आपसूक चालून आले. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्सच्या राजकन्या युलियाना तिथे आसऱ्याला होत्या, त्याची आठवण ठेवून १९४५ साली त्यांनी ओटावाला एक लाख कंद भेट दिले. एक लाख! मला पडलेल्या भावाने हिशेब केला तर अठ्ठ्याहत्तर लाखांवर जातो.

आता काकूंकडचे दोन. २२ फेब्रुवारीला पहिलं उमललं. दांडी २६ सेंटिमीटर. सकाळी सातला मिटलेलं, ऊन चढेल तसं उघडत जायचं, दुपारी बशीसारखं सपाट, त्यात तळाशी काळा डाग आणि भोवती पिवळी कड, रात्री परत मिटायचं. आणि उमलल्यावरही दांडी वाढतच होती. चौथ्या दिवशी पट्टी लावली तर ३० सेंटिमीटरची पट्टी कमी पडली! मी काकूंना हाताला धरून वर दाखवायला आणलं. नऊ वाजता ऊन आलं की कुंडी पॅसेजमध्ये, संध्याकाळी परत बाल्कनीत, मातीवर बर्फाचे खडे. तरी पाचव्या दिवशी पाकळ्या गळल्या. फेब्रुवारीअखेरचं ठाणं ते.

मार्चमध्ये, पाचव्यांदा विचारल्यावर, त्यांच्याकडून अखेर आकडा आला. सहा आठवडे. फक्त सहा! आधीच सांगितलं असतं तर मी दहाच्या दहा काकूंकडे ठेवले असते.

खर्च म्हणाल तर कंद ७८०, कोकोपीट आणि वाळू १४०, एकूण ९२०. धड फुलं दोन. एक फूल ४६० रुपयांना पडलं, तेवढ्यात जांभळी नाक्यावरून गणपतीभर पुरेल एवढी शेवंती येते. कोबी मी धरत नाही. ‘दरवर्षी बहर’ तर विसराच, पानं पिवळी पडेपर्यंत पाणी घालूनही आपल्या उन्हाळ्यात कंद परत भरत नाही.

स्टार तीन केलेत. कूपनची मुदत ऑक्टोबरपर्यंत आहे. काल जिन्यात काकू भेटल्या, म्हणाल्या, ‘यंदा किती कांदे आणतोयस? दिवाळीत लेक येणार आहे, त्याआधी सांग, म्हणजे वरचा कप्पा मोकळा ठेवते.’