गेम बॉयच्या पडद्यावर रेघा: जुनी काच वाचवायची, दुसरी बसवायची की आयपीएस लावायचा?

कपाटातून काढलेला किंवा नुकताच विकत घेतलेला करडा गेम बॉय सुरू करता, निन्टेन्डोचं नाव वरून सरकत खाली येतं आणि त्यातली एक-दोन अक्षरं उभी चिरल्यासारखी दिसतात. खेळ सुरू झाला की त्याच जागी वरपासून खालपर्यंत फिकट रेघ. आवाज ठणठणीत, बटणं चालतात, पण पडद्याचा एखादा उभा पट्टा गायब. १९८९ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या गेम बॉयचं, म्हणजे डीएमजी-०१ या मॉडेलचं, हे सगळ्यात नेहमीचं दुखणं आहे.

यावर तीन उपाय आहेत. सोल्डरिंग आयर्नने जुन्या पडद्याचा सुटलेला जोड पुन्हा बसवायचा, दुसऱ्या गेम बॉयमधला चांगला पडदा काढून लावायचा, किंवा नवा, मागून उजेड असलेला आयपीएस पडदा बसवायचा. हल्ली कोणालाही विचारलं की तिसरं उत्तर पटकन मिळतं. माझं मत वेगळं आहे. उभ्या रेघा असतील आणि काच, म्हणजे पडद्यातली चित्र उमटवणारी काच, शाबूत असेल, तर पहिली पाळी आयर्नची. तेव्हाच्या या काचा आता कोणी बनवत नाही, आणि बहुतेकांचा बिघाड काचेत नसून काचेला चिकटवलेल्या रिबनमध्ये, म्हणजे बारीक तारांच्या लवचिक पट्टीत, असतो.

आधी बिघाड नेमका कुठे, ते बघा

पडद्यावर काही विचित्र दिसलं म्हणजे पडदाच गेला, असं समजू नका. सुरू होताना गेम बॉय कॅसेटमधून ४८ बाइटचा लोगो वाचतो, तोच पडद्यावर दाखवतो आणि स्वतःकडच्या प्रतीशी ताडून पाहतो. जुळला नाही तर पुढे जातच नाही. त्यामुळे लोगोच्या जागी ठिपक्यांचा गिचमिड गोळा आला, तर दोष कॅसेटच्या किंवा ती बसते त्या खाचेच्या मळलेल्या संपर्कांचा. लोगोऐवजी सलग काळी पट्टी उतरली, तर यंत्राला कॅसेट वाचताच आलेली नाही. दोन्हीत पडद्याला हात लावायचं कारण नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाचा बोळा एवढ्यावर काम भागतं. कॅसेटमध्ये फुंकर मारायची आपली जुनी सवय मात्र सोडा, तोंडातल्या ओलाव्याने संपर्क गंजतात.

खऱ्या रेघांची चाचणी सोपी आहे. डाव्या कडेचं कॉन्ट्रास्टचं चाक एका टोकाला नेलं की अख्खा पडदा गडद होतो. जे उभे स्तंभ मेले आहेत ते त्या काळोखात फिकट राहतात आणि अचूक मोजता येतात. आता पडद्याच्या खालच्या कडेजवळ अंगठ्याने अगदी हलका दाब द्या. रेघ क्षणभर भरून आली किंवा लुकलुकली, तर जोड सैल झाला आहे आणि तो बसण्याची आशा चांगली आहे.

असं का होतं? पडद्यावर १६० उभे स्तंभ आणि १४४ आडव्या ओळी आहेत. प्रत्येक स्तंभाला संदेश पोचवणारी केसासारखी तार काचेच्या खालच्या कडेला चिकटलेल्या लवचिक रिबनमधून येते. तिथे सोल्डर केलेलं नसतं. वीज वाहून नेणारा चिकट थर उष्णता आणि दाबाने बसवलेला असतो. तीस-पस्तीस वर्षांत तो थर वाळतो, सुटतो आणि तेवढा स्तंभ मुका होतो. आडव्या ओळींची रिबन बाजूला असते. तिच्याबाबतीत कारण तेच, पण जागा अडचणीची आणि यश कमी.

पडदा पूर्ण कोरा आणि आवाज मात्र येतोय, तर आधी कॉन्ट्रास्टचं चाक फिरवून बघा, मग आतल्या दोन अर्ध्या भागांना जोडणारी २१ तारांची चपटी केबल नीट बसली आहे का ते. तरीही कोरा राहिला तर संशय वीजपुरवठ्याच्या छोट्या बोर्डावर घ्यायचा. पडद्याला ऋण व्होल्टेजही लागतं आणि ते हेच बोर्ड तयार करतं.

मधोमध तपकिरी-काळा भाजल्यासारखा डाग असेल तर तो बहुधा पोलरायझर, म्हणजे काचेवरची प्रकाश गाळणारी फिल्म, उन्हाने करपल्याचा. ती फिल्म बदलता येते, काम किचकट आहे पण होतं. काचेच्या आत शाईसारखा पसरलेला डाग किंवा तडा असेल, तर त्या काचेवर वेळ घालवू नका.

आयर्नचा उपाय

खर्च जवळजवळ नाही. तीन पात्यांच्या खाचेचा, ट्राय-विंग म्हणतात तो स्क्रूड्रायव्हर लागतो, कारण मागचे सहा स्क्रू तसे आहेत, त्यातले दोन सेलच्या कप्प्यात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत मोबाइल दुरुस्तीच्या संचात तो मिळतो. आतले स्क्रू साधे फिलिप्सचे. दोन्ही अर्धे भाग उघडताना झटका देऊ नका, चपटी केबल मधे असते.

पुढचं बोर्ड बाहेर काढलं की काचेखालच्या रिबनवर चिकटवलेली पट्टी दिसते, ती चिमट्याने हळू सोडवायची. मग आयर्नचं बिट, म्हणजे तापणारं टोक, स्वच्छ पुसून, सोल्डर अजिबात न लावता, रिबन जिथे काचेला चिकटते त्या कडेवरून आडवं फिरवायचं. दाब एवढाच की बिट टेकलेलं राहील. एका जागी थांबायचं नाही. मी तापमान २०० अंशांच्या आसपास ठेवून सुरुवात करतो आणि फरक पडला नाही तरच थोडं वाढवतो. साध्या २५ वॅटच्या आयर्नला तापमानाचा काटा नसतो आणि ते या कामासाठी फार तापतं, तेव्हा तापमान ठरवता येणारं आयर्न उसनं आणा. रिबन जळून सुरकुतली की तो स्तंभ कायमचा गेला. गरम बिट काचेला लागणार नाही याचीही काळजी घ्या.

काही जण गेम बॉय चालू ठेवून हे करतात, कारण रेघा डोळ्यांसमोर एकेक करून भरून येतात. ते बघायला फार छान वाटतं, यात शंका नाही. पण आपल्याकडच्या दोन पिनांच्या आयर्नला अर्थिंग नसतं आणि बिटवर उतरणारी थोडीशी वीजही जुन्या चिपला मारू शकते. तीन पिनांचं, अर्थिंग नीट असलेलं आयर्न नसेल तर सेल काढा, फिरवा, थंड होऊ द्या, मग जोडून बघा. वेळ जास्त जातो, जाऊ द्या.

या उपायाची खरी कमजोरी म्हणजे तो टिकेलच असं नाही. काही पडदे वर्षानुवर्षं तसेच राहतात, काहींवर रेघ परत येते आणि पुन्हा बिट फिरवावं लागतं. चिकट थर जुनाच आहे, आपण तो फक्त मऊ करून परत बसवतो.

दुसरा जुना पडदा

कागदावर हा मार्ग सगळ्यात स्वच्छ वाटतो: अस्सल यंत्रात अस्सल पडदा. प्रत्यक्षात काच एकटी बदलत नाहीत. तिच्या रिबनी बोर्डाला बारीक तारांनी जोडलेल्या असतात, त्यामुळे पुढचं अख्खं बोर्डच बदलायचं. ते काम सोपं आहे: स्क्रू आणि ती एक चपटी केबल.

अडचण येते ती दाता, म्हणजे पडदा काढून घेता येईल असा दुसरा गेम बॉय, शोधताना. सेल गळून मुख्य बोर्ड सडलेला, पण पडदा चांगला असलेला गेम बॉय मिळाला तर उत्तम, तो पुन्हा उभा राहणार नव्हताच. चालू यंत्र फोडून त्याचा पडदा घेऊ नका. शिवाय त्या दुसऱ्या पडद्याचा चिकट थरही तेवढाच म्हातारा आहे. आज बिनरेघांचा पडदा दोन वर्षांनी तसाच राहील याची हमी कोणी देणार नाही. आपल्याकडे बहुतेक गेम बॉय आखाती देशांतून, अमेरिकेतून नातेवाइकांच्या बॅगेतून आले, घरोघरी असायचे ते टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम. त्यामुळे सुटे दाते इथे क्वचितच मिळतात. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या वाचकांना हा पर्याय जास्त जवळचा.

म्हणून मी हा मार्ग एकाच प्रसंगी सुचवेन: काच फुटली आहे आणि यंत्र मूळ रूपातच ठेवायचं आहे.

आयपीएस

आयपीएस पडद्यावर खेळायला बसलं की फरक पहिल्या सेकंदाला कळतो. चेंडू, गोळ्या, धावणारी पात्रं मागे धूसर शेपूट सोडत नाहीत. दिवा मालवून खेळता येतं. बहुतेक किटमध्ये हिरवट, राखाडी, पिवळसर अशा रंगछटा निवडता येतात आणि मूळ ठिपक्यांची जाळीही दाखवता येते. ज्याला रोज रात्री झोपण्यापूर्वी अर्धा तास खेळायचं आहे, त्याने याच पडद्याचा विचार करावा, मी त्याला अडवणार नाही.

पण बदल्यात काय जातं ते आधी समजून घ्या. मूळ पडद्याला स्वतःचा उजेड नाही, तो बाहेरचा उजेड परत पाठवतो. दुपारी गच्चीवर किंवा अंगणात बसून जुन्या पडद्यावर खेळून बघा, ऊन जितकं जास्त तितकं चित्र स्पष्ट. आयपीएस त्याच उन्हात फिका पडतो. काही खेळांनी जुन्या पडद्याच्या मंदपणाचा उपयोगही करून घेतला होता. एखादी आकृती एका फ्रेमला दाखवायची, पुढच्या फ्रेमला लपवायची; सावकाश प्रतिसाद देणाऱ्या काचेवर ती अर्धपारदर्शक दिसायची. आयपीएसवर तीच आकृती नुसती लुकलुकते.

विजेचाही हिशेब आहे. चार पेन्सिल सेलवर मूळ गेम बॉय तासन्‌तास चालतो. मागचा दिवा आला की सेल बरेच लवकर संपतात. चार्ज होणारे सेल वापरत असाल तर चौघांचे मिळून ४.८ व्होल्टच होतात आणि जुनं वीजपुरवठा बोर्ड कधीकधी तेवढ्यावर अडखळतं. काहींना स्पीकरमधून बारीक किणकिण ऐकू येते, खास करून उजेड कमी-जास्त करताना. उपाय म्हणजे वीजपुरवठा बोर्डही नवं घ्यायचं. खर्चात ते आधीच धरा. किट परदेशातून येतं, डाक आणि कस्टम्ससह आकडा काही हजारांत जातो.

किट निवडताना मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघतो: परत फिरता येईल का. पुढचं बोर्ड पूर्ण बदलणारं किट असेल, तर जुनं बोर्ड काचेसकट बाजूला ठेवता येतं आणि हवं तेव्हा परत बसवता येतं. जुन्या काचेच्या रिबनी कापायला लावणारं किट, किंवा आतल्या बाजूने कवच कातरायला लावणारं किट, चांगल्या अवस्थेतल्या गेम बॉयला लावू नका. कवच कातरायचंच असेल तर बाजारात मिळणारं नवं कवच घ्या आणि मूळ कवच जपा.

जुन्याच काचेमागे दिवा बसवायचाही एक मार्ग आहे. त्यात काचेमागची परावर्तक फिल्म सोलावी लागते, आणि चित्र उठून दिसावं म्हणून ७४एचसी०४ या छोट्या चिपने काळं-पांढरं उलटंही करतात. सुंदर दिसतं. पण त्याने मेलेले स्तंभ जिवंत होत नाहीत आणि सोलताना काच तडकण्याची भीती खरी आहे. रेघांवरचा उपाय म्हणून ते करू नका.

तर तुम्ही काय करावं

एक ते पाच-सहा उभ्या रेघा, काच स्वच्छ, आणि यंत्र वडिलांनी किंवा मामाने आणून दिलेलं: आयर्न. स्वतःच्या हातावर भरवसा नसेल तर मोबाइलचं बोर्ड दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे न्या. त्याला गेम बॉय माहीत नसला तरी रिबनचा जोड माहीत असतो. फक्त 'सोल्डर लावू नका, तापमान कमी ठेवा' हे आधी सांगा.

अर्ध्याहून जास्त पडदा गेला असेल तरी एकदा बिट फिरवायला हरकत नाही, गमावण्यासारखं फार उरलेलं नसतं. नाही जमलं तर आयपीएस. आडव्या रेघांवरही एकदा जपून प्रयत्न करा, पण एक-दोनच असतील आणि खेळाला अडथळा येत नसेल तर मी तशाच सोडेन. अडचणीच्या जागी आयर्न नेऊन दोनच्या दहा करण्यात अर्थ नाही.

काच फुटलेली किंवा आत शाई पसरलेली असेल, तर थेट आयपीएस. संग्रहासाठी ठेवायचा असेल तरच दाता शोधत थांबा.

आणि अजून गेम बॉय घेतलेलाच नसेल, तर निर्णय विक्रेत्याशी बोलतानाच निम्मा होतो. 'चालू आहे' एवढ्यावर पैसे देऊ नका. तीन गोष्टी दाखवणारा व्हिडिओ मागा: कॉन्ट्रास्टचं चाक पूर्ण गडद केलेला पडदा, कॅसेट घालून लोगो शेवटपर्यंत उतरतानाचं दृश्य आणि सेलचा उघडा कप्पा. उभ्या रेघा दिसल्या तर भाव पाडून जरूर घ्या. सेलच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर दिसला तर आतलं बोर्डही तपासायला सांगा. पडदा आयपीएसचा असेल तर मूळ पडदा कुठे आहे ते विचारा, आणि विक्रेत्याने ठेवला असेल तर तोही मागून घ्या.