गुलाबी डबा, हिरवा डबा

गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका 'वेलनेस' वाल्याला मी 18,500 रुपये मोजून दिले. माझं वजन 94 किलो, सोबतीला आलेल्या भाचीचं 37. त्यानं दोघींच्या हातात वायर लावलेल्या दांड्या दिल्या, स्क्रीनवर लाल रेघा दाखवल्या आणि म्हणाला, "ताई, तुमचं लेप्टिन झोपलंय. हिचंबी." मला वजन उतरवायला लेप्टिनच्या पावडरीचा गुलाबी डबा, तिला वाढवायला हिरवा. लेप्टिन म्हणजे भूक आवरणारं हार्मोन, पण ते नाव ऐकूनच मी गप्प झाले. महाद्वार रोडला दहा रुपयांच्या पिनांसाठी अर्धा तास घासाघीस करणारी बाई मी!

माझं चार किलो उतरलं, पण ते पावडरीनं नव्हे. सोबतच्या चार्टवर दिवसभर काकडी आणि मुगाचं पाणी एवढंच होतं. मग भूक अशी खवळायची, की एकदा रात्री अकराला फ्रीजसमोर उभी राहून पातेल्यातूनच गार तांबडा रस्सा प्यायले.

भाचीचं मात्र गंभीर निघालं. पाळी चार महिने बंद होती, हे तिनं घरात सांगितलंच नव्हतं. डब्याच्या भरवशावर आणखी दोन महिने गेले.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, लेप्टिन चरबीच्या पेशीच तयार करतात. "तुमच्या रक्तात ते भरपूर असणार, मेंदूच त्याला दाद देत नाही. हिच्या अंगात चरबीच नाही, म्हणून लेप्टिन खाली, भुकेचं घ्रेलिन वर. शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय. मग ते पाळी थांबवतं, थायरॉईडचं टी-3 हे हार्मोन उतरवतं." आणि तोंडानं घेतलेलं लेप्टिन? ते प्रथिन आहे, पोटात अंड्यासारखं पचून जातं. खरं औषध आहे, पण ते इंजेक्शन. अमेरिकेत 2014 साली मंजूर झालं, तेही लिपोडिस्ट्रॉफी या, अंगात चरबी नीट न साठण्याच्या दुर्मिळ आजारासाठी.

घरी येऊन डबे डाळीला वापरावेत म्हणून भिजत घातले. दोन्हींची लेबलं सुटली. खाली एकच जुनं लेबल, एकच बॅच नंबर: व्हॅनिला प्रोटीन पावडर.

दुकानाला आता कुलूप आहे. ग्राहक आयोगाकडे जायचं म्हटलं तर बिल नाही. आहे ती कॅलेंडरच्या पाठकोऱ्या तुकड्यावर लिहिलेली चिठ्ठी, '18,500 मिळाले', खाली सहीसुद्धा नाही. भाची आता 41 किलोवर आहे.